भरतीच्या आधी दीड तास, भरतीनंतर दीड तास

काउंटरवरच्या मुलीने सासूबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. तिने त्यांच्या काठीकडे पाहिलं, मग माझ्या नवऱ्याकडे, आणि त्यालाच विचारलं, “यांना चढता-उतरता येतं का?”

“मला विचार ना,” सासूबाई म्हणाल्या. “काठी मी धरलीय, त्याने नाही.”

जहाजावरचा आमचा दुसरा दिवस होता. आईच्या सत्तरीनिमित्त नवऱ्याने ही आठ दिवसांची सफर ठरवली होती. चौथ्या दिवशी जहाज एका बंदरात सकाळी आठ ते दुपारी अडीच थांबणार होतं आणि त्या किनाऱ्यापासून समुद्रात थोडं आत गेलं की या दिवसांत देवमासे दिसतात, असं काउंटरमागच्या फलकावर लिहिलं होतं. फलकावर पाण्याबाहेर आलेली एक भलीमोठी शेपटी होती. सासूबाई आदल्या दिवसापासून तीन वेळा तो फलक वाचून आल्या होत्या.

मुलगी शिकवल्यासारखं गोड हसली. “देवमाशांची सहल लहान बोटीतून असते. चालायला त्रास असणाऱ्यांना आम्ही घेत नाही, नियम आहे. त्यांच्यासाठी निवांत शहरदर्शन आहे. वातानुकूलित बस. खाली उतरायचीसुद्धा गरज नाही.”

“छान,” नवरा म्हणाला. “आईला बस, आम्हा दोघांना देवमासे.”

“मी बत्तीस वर्षं बसच्या डेपोत काढली,” सासूबाई म्हणाल्या. “आणि तू मला एवढा समुद्र तुडवून बस दाखवायला आणलंस?”

रांगेतली माणसं हसली. नवऱ्याचे कान लाल झाले, पण त्याने सही केली ती केलीच.

सासूबाई डेपोत वेळापत्रक विभागात होत्या. कुठली बस किती वाजता सुटणार, कुठल्या थांब्यावर किती मिनिटं घेणार, एक गाडी बंद पडली तर मागच्या चार कशा वळवायच्या, हे ठरवणारा विभाग. त्या तिथे लागल्या तेव्हा त्या विभागात दुसरी बाई नव्हती आणि निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या शब्दापुढे बोलणारा पुरुष नव्हता. अशी बाई दीड वर्षापूर्वी स्वतःच्या घरात घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडून बसली. ऑपरेशन झालं, हाड जुळलं. पण त्या दिवसापासून माझ्या नवऱ्याने त्यांना जणू कापसात गुंडाळून ठेवलं. रस्ता ओलांडायचा नाही. पावसात निघायचं नाही. स्टुलावर चढायचं नाही हे ठीक, पण स्टूलच घरातून नाहीसं झालं. तो वाईट माणूस नाही हो. आईला औषध द्यायला तो गजर लावून उठतो. पण ‘तुला काय हवं’ हा प्रश्न त्याने दीड वर्षात त्यांना विचारला नव्हता, आणि मीही तो विचारायला त्याला सांगितलं नव्हतं. घरात शांतता होती, ती मला सोयीची होती.

तिसऱ्या दिवशी जहाज दुसऱ्या एका बंदराला लागलं होतं. नवरा पोहायला गेला होता. आमच्या आणि सासूबाईंच्या खोल्यांच्या मधे एक दार होतं. त्या दारातून मला त्या बाथरूममध्ये जाताना दिसल्या. लगेच बाहेर आल्या. पुन्हा गेल्या. पुन्हा बाहेर. असं सात-आठ वेळा झाल्यावर मी घाबरून उठले.

“आई, पोट बिघडलंय का?”

“पोट ठणठणीत आहे. मधे बोलू नकोस, मोजणी चुकते.”

जहाजाच्या बाथरूमला उंबरा असतो, चांगला वीतभर. सासूबाई काठी न घेता, एका हाताने चौकट धरून तो ओलांडत होत्या. आधी चांगला पाय वर, मग ऑपरेशनचा. उतरताना उलट. एकतिसाव्या खेपेला त्या थांबल्या, पलंगावर बसल्या आणि घाम पुसत म्हणाल्या, “काल सव्वीसला दमले होते.”

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. समोरच्याला खालची ओळ दिसतेय की तो उगाच ‘दिसतेय’ म्हणतोय, हे मला बरोबर कळतं. सासूबाई काही लपवत नव्हत्या. त्यांनी उशीखालून वही काढून सरळ माझ्या हातात दिली.

वहीत उद्याचा दिवस होता, मिनिटांसकट. आठला जहाज धक्क्याला. साडेआठला आपण बाहेर. बंदराच्या फाटकापासून मासेमारीच्या जुन्या धक्क्यापर्यंत टॅक्सीने वीस मिनिटं. तिथून सव्वानऊला नाव. सव्वाबाराला परत. अडीचच्या आत जहाजावर, म्हणजे दोन तासांची मोकळीक. खाली अधोरेखित करून लिहिलं होतं: भरती दहा चाळीसला.

“ही नाव कुणाची?”

“एका बाईची आहे. आपली खोली आवरायला येतो ना, त्याने नंबर दिला. सहा वर्षं तो या बंदरात येतोय. मी सकाळीच फोन लावला होता.”

“आणि ती तुम्हाला घेणार?”

“का नाही घेणार? मी तिला विचारलं, नावेत शिरायची पायरी किती उंच आहे? ती हसायलाच लागली. म्हणाली, सगळे विचारतात देवमासा नक्की दिसणार का. पायरी आजवर कुणी विचारली नाही.” सासूबाईंनी पेन घेऊन वहीच्या कोपऱ्यात चित्र काढलं. “हे बघ. धक्का दगडी आहे, तो जागचा हलत नाही. नाव पाण्याबरोबर वरखाली होते. ओहोटीला ती इतकी खाली जाते की शिडी लावावी लागते. शिडी मला जमणार नाही, ते मला माहीत आहे. पण ऐन भरतीला धक्का आणि नाव यात एका पायरीचा फरक राहतो. म्हणून भरतीच्या आधी दीड तास निघायचं आणि भरतीनंतर दीड तासाने यायचं. दोन्ही वेळा पाणी साधारण सारखंच. समुद्राचंही वेळापत्रक असतं गं. छापील मिळतं. आणि त्याचे ड्रायव्हर संपावर जात नाहीत.”

“आणि देवमाशाची वेळ?”

“तो प्रवासी. प्रवासी येवो न येवो, गाडी वेळेवर सुटली पाहिजे.”

मी वही मिटली. माझं तिकीट कंपनीच्या बोटीचं होतं, नवऱ्याच्या शेजारचं. सासूबाईंनी ते ओळखलं असणार.

“तू तुझ्या तिकिटावर जा,” त्या म्हणाल्या. “मला राग नाही. मात्र नवऱ्याला सांगणार असशील तर आजच सांग. भांडण आज उरकू. उद्याच्या दिवसात मी भांडणाला वेळ धरलेला नाही.”

“सांगते,” मी म्हटलं. “आणि मी तुमच्याबरोबर येते, हेही सांगते.”

संध्याकाळी वरच्या डेकवर चहा घेताना मी सांगितलं. नवऱ्याने कप ठेवला.

“हे तुझ्या डोक्यात कुणी भरवलं, आई?”

“माझ्या डोक्यात जागा कमी आहे का, दुसऱ्याने भरवायला?”

“उशीर झाला तर जहाज थांबत नाही. निघून जातं. परक्या गावात राहाल दोघी.”

“मीही कधी बस थांबवली नाही. किती मोकळीक ठेवायची ते मला कळतं.”

“आणि पडलीस तर?”

“तर पडेन. पडायला समुद्र कशाला लागतो? मी पडले ती माझ्याच घरात, तू आणून टाकलेल्या मऊ पायपुसण्यावर.”

हे बोलणं जिव्हारी लागलं. नवऱ्याने मान समुद्राकडे फिरवली. मग म्हणाला, “चार तास तू फरशीवर पडून होतीस.”

“होते.”

“मी कामावरून फोन करत होतो. तीनदा केला. शेजारच्या खोलीत वाजत असेल, तुला ऐकू येत असेल. आदल्या दिवशी आपलं भांडण झालं होतं. मला वाटलं, रुसलीय, मुद्दाम उचलत नाही. मी… मी म्हटलं, नको तर नको उचलू. आणि जेवायला गेलो.”

हे मला माहीत नव्हतं. लग्नाला चौदा वर्षं झाली, आणि हे तो माझ्याजवळही कधी बोलला नव्हता.

सासूबाईंनी त्याच्या हातावर हात ठेवला. पण आवाज जराही मऊ केला नाही. “मला ठाऊक होतं तो तुझाच फोन आहे. मी मोजत होते, किती वेळा वाजतोय. त्याचं तुला वाईट वाटतं, ते बरोबर आहे. वाटू दे. पण तुझ्या वाईट वाटण्यासाठी मी आयुष्यभर खुर्चीत बसून राहायचं, हे मला मान्य नाही. ती शिक्षा तुझी आहे, माझी नाही.”

“मी येणार नाही,” तो उठत म्हणाला. “मला ते बघवणार नाही.”

“नको येऊस. तुझ्याजवळ तिकीट आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सासूबाई बूट घालून तयार होत्या. खांद्याला आडवी पिशवी, दोन्ही हात मोकळे. आणि सातलाच जहाजाच्या कर्ण्यातून आवाज आला: बंदरावर धुकं आहे, आत शिरायला परवानगी नाही, सुमारे तासाभराचा उशीर होईल. निघायची वेळ मात्र तीच राहील.

थोड्या वेळाने दुसरी घोषणा झाली. वेळ अपुरा असल्यामुळे देवमाशांची सहल रद्द. शहरदर्शनाच्या बस मात्र सुटतील.

नवरा मधल्या दारात उभा होता. विजयी झाल्यासारखा नाही, पण सुटल्यासारखा. “संपलं, आई. आपण तिघंही बसने जाऊ.”

सासूबाईंनी त्याच्याकडे मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. त्या वहीचं नवं पान उघडून बसल्या होत्या. “नऊला धक्क्याला. बाहेर पडायला पस्तीस मिनिटं. गर्दी आहे, चाळीस धर. दहाला नावेत. पाणी वर असेल, चढायचा प्रश्न नाही. प्रश्न येतानाचा आहे. सव्वाबाराला परत यायलाच हवं. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास. मधे पाऊण तास मिळतो.” त्यांनी चष्मा वर सरकवला. “गाडी उशिरा आली म्हणून आम्ही फेरी रद्द करत नव्हतो. फेरी आखूड करायचो.”

किनारा जवळ आला तसा फोन लागला. नाववाली म्हणाली, धुकं वितळतंय, या.

जहाजातून उतरायच्या रांगेत सासूबाईंनी व्हीलचेअर घेतली. मला नवल वाटलं. “तत्त्व पावणेदहापर्यंत गुंडाळून ठेव,” त्या म्हणाल्या. “खुर्चीवाल्यांना आधी सोडतात.” खरोखर सोडलं. फाटकाशी त्यांनी खुर्ची परत केली आणि काठी आपटत टॅक्सीकडे निघाल्या. मागे वळून पाहते तर नवरा वीस पावलांवरून चालत येत होता. त्याला बोलावलं कुणीच नव्हतं. टॅक्सीत तो पुढे, ड्रायव्हरशेजारी बसला.

जुना धक्का म्हणजे शेवाळलेले दगड, जाळ्यांचे ढीग आणि डिझेलचा वास. नाववाली पन्नाशीची, रुंद खांद्यांची, ढोपरापर्यंत रबरी बूट. तिने कठड्याची एक फळी काढून दारासारखी वाट केली होती. पाणी एवढं वर आलं होतं की नाव धक्क्याला अगदी बिलगून उभी होती. सासूबाईंनी काठी माझ्याकडे दिली, खांबाला एक हात, नाववालीच्या खांद्याला दुसरा, आणि पाय टाकला. पहिला. दुसरा. नाव हलली, त्याही हलल्या, मी डोळे मिटले. उघडले तेव्हा त्या बाकावर बसून लाइफ जॅकेटचे पट्टे ओढत होत्या.

“तू पण ये ना,” मी नवऱ्याला म्हटलं.

“नाही.” त्याने हाताची घडी घातली. “आलो तर मला हे पटलं, असा अर्थ होईल.”

“कुणाचा मुलगा आहे!” सासूबाई नाववालीला म्हणाल्या, आणि त्या स्वरात तक्रारीपेक्षा कौतुक जास्त होतं.

पाऊण तास आम्ही नुसत्या आदळत गेलो. पाणी राखाडी, आभाळ राखाडी. मला उलटी झाली. सासूबाई दोन्ही हातांनी कठडा धरून समोर बघत होत्या, आणि प्रत्येक लाटेबरोबर त्यांचा खुबा दुखत होता हे मला त्यांच्या जबड्यावरून कळत होतं. नाववालीने इंजिन बंद केलं. शांतता झाली. पंधरा मिनिटं गेली. वीस गेली. तास उलटला. दूर काही पक्षी पाण्यावर घिरट्या घालत होते, तेवढंच.

“सगळ्यांना दिसतो असं नाही,” नाववाली जरा ओशाळून म्हणाली.

“तू कशाला वाईट वाटून घेतेस?” सासूबाई म्हणाल्या. “मी इथवर आलेय. ते तर झालंच ना.”

आणि तेव्हा आमच्या पाठीमागे आवाज झाला. बसचा एअर ब्रेक सुटावा तसा, पण दसपट मोठा. आम्ही वळलो. धुरासारखा पाण्याचा फवारा हवेत तरंगत होता आणि त्याखाली एक काळी, ओली पाठ पाण्यातून वर येत होती. येतच राहिली. आता संपेल, आता संपेल असं वाटत असताना आणखी पुढे सरकत राहिली. मग पाठीवरचा एवढासा पर, आणि पाठ आत गेली. सडक्या मासळीचा भपकारा आमच्यावर आला.

“घड्याळ,” मी कुजबुजले. बारा वाजायला पाच मिनिटं होती. निघायची वेळ केव्हाच होऊन गेली होती.

नाववालीने सासूबाईंकडे पाहिलं. “आता निघालो तर पायरी गुडघ्याएवढी असेल. थांबलो तर वर जाईल. तुम्ही सांगाल तसं.”

बत्तीस वर्षांत एकदाही गाडी न थांबवलेली बाई पाण्याकडे वळली. मग म्हणाली, “थांब.”

आम्ही आणखी दहा मिनिटं थांबलो. तो दोनदा वर आला. दुसऱ्या खेपेला पाठीची कमान झाली आणि शेपटी वर उठली, उंच, संथ, काठांवरून पाणी निथळत. खालची बाजू पांढरी होती, ओरखडे असलेली. ती सरळ खाली गेली आणि पाण्यावर तेलासारखा गुळगुळीत गोल उरला. सासूबाई ओरडल्या. काय ओरडल्या ते शब्दांत नव्हतं. मी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं.

परत आलो तेव्हा धक्का वर राहिला होता. चढायची पायरी आता सासूबाईंच्या मांडीएवढी होती. नवरा तिथेच होता, जाळ्यांच्या ढिगावर. तीन तासांत तो कुठेही गेला नव्हता. पायरी बघून तो ताडकन उठला.

“थांब आई, हलू नकोस. मी खाली येतो. तुला उचलून घेतो.”

“उचलायचं नाही.”

“आई, हा हट्ट करायची वेळ नाही!”

“हट्ट नाही. ऐक. मासळीची ती रिकामी पेटी खाली टाक. ती पालथी घालून तिच्यावर मी उभी राहीन. मग तू वरून दोन्ही हात दे. ओढायचं नाही. खांबासारखं घट्ट उभं राहायचं. चढायचं मी.”

त्याने पेटी टाकली. नाववालीने ती पायाने दाबून धरली. मी मागे उभी राहिले. नवरा शेवाळलेल्या दगडावर गुडघे टेकून बसला आणि त्याने हात पुढे केले. सासूबाई पेटीवर चढल्या. चांगला पाय वर टाकला. मग दुसरा येईना. अर्धवट लटकलेल्या अवस्थेत त्या थांबल्या. त्याने एक झटका दिला असता तर त्या वर आल्या असत्या. त्याने झटका दिला नाही. दातांवर दात दाबून तो तसाच घट्ट राहिला. नाव एका लाटेवर थोडी उचलली गेली, त्या क्षणी सासूबाईंनी पाय ओढून घेतला आणि त्या धक्क्यावर आल्या. आल्या आणि दोघं एकमेकांवर कोसळलीच. दगडावर बसून दोघं धापा टाकत राहिली. नवरा रडत होता. सासूबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि म्हणत होत्या, “जमलं की. तुलाही जमलं.”

जहाजावर पोचलो तेव्हा सुटायला सव्वा तास बाकी होता.

दुपारी सासूबाईंचा पाय सुजला. गुडघ्यापासून वर, चांगला टम्म. नवऱ्याने स्वतः जाऊन बर्फ आणला, टॉवेलात बांधला आणि पलंगाच्या कडेला बसून त्यांच्या पायावर धरला. डॉक्टरला बोलवायचं का, असं त्याने मला नाही, त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, उद्या सकाळपर्यंत बघू. तो “बरं” म्हणाला.

“खूप दुखतंय का गं?” थोड्या वेळाने त्याने विचारलं.

“दुखतंय ना. चिक्कार दुखतंय.” सासूबाईंनी पाय आणखी ऐसपैस पसरला आणि डोळे मिटले. “दुखू दे.”